सगळं बरं आहे, आनेकेबाई

नाही हो, पाटी सरळच धरलीय मी, अक्षरं वाकडी आहेत. आनेके. येतं ना वाचता? मग झालं. मास्तर वर्गात अक्षरं गिरवून घेत असत तेव्हा मी मास्तरांच्याच अ‍ॅव्होकाडोच्या झाडावर असायचो, त्याची शिक्षा आता विमानतळावर भोगतोय. तुमच्या पाट्या बघा, छापलेल्या, कोपऱ्यात कंपनीचा हत्ती, आणि माझी बिस्किटाच्या खोक्याची. पण पाटीचं जाऊ द्या, ती बाई पाटीकडे बघणारच नाही. ती पाटीमागचा माणूस शोधत येणार, आणि तो माणूस...

थांबा, नीट सांगतो. विमान उतरलंय, पण पिशव्या यायला वेळ लागतो, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझे पाय इथे टिकायचे नाहीत. तुम्ही सगळे गाईड, ड्रायव्हर, आपलीच माणसं, तुम्हीच सांगा मी कुठे चुकलो. आपल्याकडे कुणी विचारलं, काय बातमी, तर काय म्हणायचं? सगळं बरं. घर जळालेलं असो, गाय मेलेली असो, आधी सगळं बरं. मग दम घ्यायचा, मग 'पण'. आमच्या न्देरिंगोकाकांची बायको पळाली तेव्हा चौकात कुणी विचारलं, काका, काय बातमी, तर काका म्हणाले, "सगळं बरं. मुलं बरी, कोंबड्या बऱ्या, पण बायको तेवढी घरात नाही." आणि समोरचा थांबतो. त्या 'पण'साठी थांबतो. आईबापांनी एवढंच तर शिकवलंय आपल्याला. आधी सगळं बरं म्हणायचं.

तर अमिनिएल, माझा दादा. ओळखत असाल, किबो शिखराच्या वाटेवर त्याला न ओळखणारा दगड नाही. डोंगर आणि जनावरं अशी जोडसहल करायची असली की लोक त्याच्याकडे यायचे. ही आनेकेबाई हॉलंडची, मागच्या पावसात आली होती, एकटीच. आपली भाषा शिकवणीला जाऊन शिकलेली, म्हणजे माझ्यापेक्षा शुद्ध. दादाने तिला वर नेली, खाली आणली. वर बर्फाचा पाऊस लागला, हमाल पोरांचे तंबू उडाले, हा त्यांचे तंबू धरत राहिला आणि ओल्या अंगाने उतरला. खोकत होता. तिला सिंह दाखवायला नेणाऱ्या जीपमध्ये त्याने स्वतः बसवलं, दार स्वतः लावलं, टपावर थाप मारली, जा म्हणाला. घरी आला आणि भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. छातीत पाणी झालं होतं म्हणे. डोंगराखाली राहायचं, आयुष्यभर डोंगराचं पाणी प्यायचं, आणि तेच पाणी... जाऊ दे.

मातीच्या दिवशी त्याचा फोन माझ्या खिशात होता. केळीच्या बागेत खड्डा, सगळं गाव उभं, पाद्री म्हणतायत, "हा आता विसाव्याला गेला," आणि माझ्या खिशात गुर्र. पुन्हा गुर्र. मी हळूच बघितलं तर सिंह. झाडाखाली झोपलेला सिंह. मग सिंहीण. मग तोच सिंह जवळून. बाई एकेक फोटो पाठवत होती. पाद्री म्हणाले, "मृत्यू, तुझी नांगी कुठे आहे," आणि फोनवर तरस आलं.

तुम्हाला सांगतो, तो फोन मी खड्ड्यातच टाकणार होतो. हात वरही गेला होता. तेवढ्यात तिचा निरोप आला: "अमिनिएल, काय बातमी? खोकला कसा आहे?"

आता विचारलं तर काय म्हणणार? आधी सगळं बरं म्हणायचं. मी लिहिलं, सगळं बरं. आणि मग 'पण' लिहायला घेतला. मी लिहितो कसा? एका बोटाने, एकेक अक्षर शोधून, जसा बारका कोंबडा दाणा शोधतो. माझं अजून एक अक्षर होतंय तोवर तिकडून उत्तर आलं. "छान. मला काळजीच होती. मी घरी जाऊन पुन्हा येणार, माझ्या धाकट्या भावाला घेऊन, योरिसला. आधीच सांगून ठेवते. सगळं मागच्यासारखंच हवं."

तिच्या शिकवणीच्या पुस्तकात नमस्काराचं पान तिथंच संपत असणार. काय बातमी, सगळं बरं, पान उलटा.

सगळं मागच्यासारखंच. खड्ड्याच्या काठावर उभं राहून वाचलं मी ते, आणि पाठीला असा गार काटा आला की शेजारी उभ्या मावशीने आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली.

मग म्हणाल, दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलंस? लिहायला बसायचो ना. पण तिचं आधी विचारणं यायचंच. काय बातमी, अमिनिएल? सगळं बरं. की लगेच प्रश्न. आधी डोंगर की आधी जनावरं? योरिसला उंचीची भीती आहे, आधी सिंह बघून धीर गोळा केला तर? डोंगरावर बिबट्या दिसेल का? आता मला काय ठाऊक, मी धाकटा, घरची बाग माझी, दादाबरोबर दोनदा ओझी वाहिली तेवढाच माझा डोंगर. पण दादाचं बोलणं पाठ होतं. "आधी डोंगर, मग जनावरं. डोंगरावरून उतरलेल्या पाहुण्याचे गुडघे गेलेले असतात, त्याला जीपमध्ये ठेवून द्यायचा आणि जनावरं त्याच्यासमोरून जाऊ द्यायची. उलट केलंत तर माळाची धूळ छातीत भरून घेऊन वर जाईल आणि डोंगर ती मोजून परत घेईल." हे सगळं लिहिलं मी. बिबट्याचंही लिहिलं, दिसला तर त्याने तुम्हाला आधी बघितलेलं असेल. बाई हसली. फोनमध्ये हसणारं पिवळं तोंड आलं. "अमिनिएल, तू अगदी तसाच आहेस."

तसाच. बागेत चार पावलांवर होता तो, माती अजून बसलेली नव्हती.

आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरात कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. आईला सगळं गाव 'अमिनिएलची आई' म्हणतं, तर आता लोक हाक मारायला तोंड उघडतात आणि मधेच गिळतात, ती बिचारी बिननावाची फिरतेय. आणि या फोनात, एका बाईसाठी, दादा चालतबोलत होता, गुडघ्यांची काळजी करत होता. अवघड प्रश्न आला की मी फोन घेऊन त्याच्या मातीपाशी बसायचो. "दादा, योरिस भाजीपाल्यावर जगतो म्हणते, वर काय शिजवायचं?" गप्प. जिवंतपणी एक मिनिट तोंड बंद ठेवलं नाही या माणसाने. आता गरज आहे तर गप्प.

म्हणून न्देरिंगोकाकांकडे गेलो. पंधरा-वीस पावसाळे दादाच्या सहलींना स्वयंपाक केलेला माणूस. ओट्यावर बसून बटाटे सोलत होते.

"काका, सहल आहे. आधी डोंगर, मग जनावरं."

"कुणाची?"

"दादाची."

काकांचा सुरा थांबला नाही. बटाटा संपला, ते नुसतीच हवा सोलत राहिले. मग म्हणाले, "ओम्बेनी, प्यायलायस?"

"नाही काका."

"मग आधी पिऊन ये. मग बोलू."

मी सगळं सांगितलं. बाई, भाऊ, सगळं मागच्यासारखंच, तीच वाट, तोच महिना, तोच तंबू. काकांनी सुरा खाली ठेवला. "मेलेल्या माणसाच्या सहलीला मीठ किती घालायचं, तेवढं विचारून ये त्याला." मी हसलो. ते नाही हसले. "पोरा, तू रोज त्याच्या नावाने ओ देतोयस. कुणाच्या नावाने इतकी ओ दिली की तो येतो. आला तर येऊ दे, आपलाच आहे. पण अमिनिएल कधी एकटा वर गेलाय? कुणाला तरी घेऊनच जातो तो."

त्या दिवसापासून बघा, मी केळीच्या बागेतून जाताना मागे बघत नाही. आणि डोंगर, तो तर असा ढगात बसलेला, अनेक दिवस तोंड दाखवत नाही, आणि मी फोनवर सगळं बरं असं लिहिलं की नेमका तेव्हाच वरचा पांढरा कडा उघडा पडतो. बघतो आणि पुन्हा झाकून घेतो. तुम्ही म्हणाल, पावसाळी हवा. मीही तेच म्हणतो. दिवसा.

मग तिकिटं काढली त्यांनी. आता सांगायला हवंच होतं, नाही का? ठरवलं, आज 'पण'. तर बाईचा निरोप: "योरिस घाबरलाय. त्याला तुझ्या आवाजात दोन शब्द बोल. तुझा आवाज ऐकला की माणसाला धीर येतो."

आवाज. अहो, आवाज तर आमचा सारखाच. लहानपणी दादा घरात नसला की मी पडद्याआडून बोलायचो आणि त्याची शिक्षा चुकवायचो. मागच्या अंगणात गेलो, बटण दाबलं आणि म्हणालो, त्याच्यासारखं, हळू, शब्द टेकवत टेकवत: "भिऊ नकोस, योरिस. डोंगर मोठा आहे, पण पाऊल आपल्याएवढंच टाकायचं."

आणि चुलीपाशी आई म्हणाली, "अमिनिएल, येताना लाकडं आण रे."

...

बटण अजून दाबलेलंच होतं. मग आतून, वेगळ्याच आवाजात, "ओम्बेनी, तूच आण मग."

मी लाकडं घेऊन आत गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, त्यातलंच एक लाकूड पाठीत बसेल. बसलं असतं तर बरं झालं असतं. आई म्हणाली, "ही बाई तीच ना, जिने त्याला आपले पायमोजे दिले होते?"

"तीच."

"तिला काय सांगितलंस?"

"सगळं बरं म्हणून."

"आणि पुढे?"

"पुढे ती थांबतच नाही गं."

आईने एक लाकूड चुलीत सारलं. "मग बोलाव तिला."

"आई, सांगून टाकतो ना आता. तिकिटं परत करतील."

"मरणाची बातमी त्या डबीतून सांगतात होय? माणसाला बसवावं लागतं. जेवू घालावं लागतं. मग सांगायची, हात धरून. शेवटचं त्याला चालताबोलता बघितलेली ती आहे, घरच्यांखेरीज. येऊ दे."

"ती डोंगरासाठी येतेय."

"डोंगर कुठे पळून चाललाय?"

"आणि जेवून झाल्यावरही वर जायचं म्हणाली तर? मी कबूल केलंय, मीच नेणार म्हणून."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. तसं ती गाईकडे बघते, व्यायच्या आदल्या दिवशी, जगते की जाते अशा नजरेने. "तू कुठे कबूल केलंयस? त्याने केलंय. नेईल तो."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? तुम्ही शहाणी माणसं आहात, तुम्ही सांगा. जाऊ नकोस म्हणाली, की जाच म्हणाली? मी विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय घ्या. कागदोपत्री परवानेवाला दुसरा गाईड केलाय, न्देरिंगोकाकाही हो म्हणाले, छातीवर क्रूस काढून घेतला आणि हो म्हणाले, जीप त्यांच्याच मेव्हण्याची. सगळी तयारी आहे. माळावरचे तंबू सांगून ठेवलेत. डोंगराचंही सांगून ठेवलंय. आधी काय, मग काय, ते आता माझ्या हातात नाही. माझ्या हातात ही पाटी.

आज सकाळी जीप निघाली तर आई अंगणात उभी. दुखवट्याचं काळं वस्त्र, डोक्याला काळाच रुमाल, आणि हातात केळी आणि मटणाच्या पेजेचं पातेलं, फडक्यात बांधलेलं. मी म्हटलं, "आई, आम्ही त्यांना घरीच आणतोय की." म्हणाली, "वाटेत विचारलं तिने तर तुला बोलता येणार आहे का?" आणि पुढच्या सीटवर बसली, पातेलं मांडीवर घेऊन. दादाची जागा ती. काका मागे बसले. सबंध वाटेत नुसतं झाकण खडखडत होतं. मला फक्त एकच सांगितलंय, विमानतळावर तोंड उघडायचं नाही. विचारलंच तर आधी म्हणतात तेवढंच म्हणायचं.

आणि माझी खरी धास्ती सांगू? तिने आरडाओरडा केला तर करू दे. मला खोटारडा म्हणाली तर म्हणू दे, आहेच. वर ने म्हणाली तर नेईन. पण एकदा आईने तो 'पण' म्हटला ना, की मग हा फोन... बघा, आता आहे खिशात, गरम आहे. मग याच्यात काय बातमी, अमिनिएल, असं विचारायला कोण राहिलं?

दार उघडलं. पिशव्या आल्या वाटतं. तो उंच पोरगा योरिस असणार, मान बघा कशी आत घेतलीय, छताला लागेल म्हणून. आणि मागे ती. तीच. पाटीकडे बघत नाहीये, म्हटलं नव्हतं? मला बघितलं, हात वर केला तिने, हसली... आणि हात तिथेच राहिला. लांबून आम्ही सारखे दिसतो, सगळेच म्हणतात. जवळ आल्यावर नाही. आता येतेय जवळ. सरका जरा, पाटी धरा कुणीतरी.

काय विचारतेय? माझ्या मागे बघतेय, डावीकडे, उजवीकडे... अमिनिएल कुठे आहे, विचारतेय. कसा आहे.

सगळं बरं आहे, आनेकेबाई. या. गाडीत आई बसलीय.