दोघांनी उचलायचा आरसा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या काच कारखान्याचे मालक, ज्यांना मी लहानपणी कडेवर खेळवलंय आणि म्हणूनच आज ज्यांच्यापुढे बोलताना जीभ अडखळते आहे. त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्या इमारतींना तावदानं बसवता बसवता आमचे केस पिकले ते बांधकामवाले साहेब. समोरची कारखान्याची सगळी मंडळी आणि त्यांच्या घरची माणसं. पहिल्या रांगेतली माझी बायको, तिच्या शेजारी बसलेले माझे थोरले बंधू. आणि मागे दाराशी उभे असलेले, ज्यांना खुर्ची मिळाली नाही किंवा लवकर सटकायचं म्हणून ज्यांनी ती घेतलीच नाही, अशा सर्व सज्जनहो,

सत्काराला उत्तर द्या, असं मला सांगण्यात आलंय. आता उत्तर द्यायचं तर प्रश्न ठाऊक हवा. माझी शाळा लवकर सुटली. वाचायला शिकलो तो काचांमध्ये घालायच्या जुन्या वर्तमानपत्रांवर. बातमी अर्धीच हाती लागायची, उरलेली दुसऱ्या तावदानाला गुंडाळलेली असायची. त्यामुळे माझं बोलणंही मध्येच तुटलं, तर पुढचा कागद शोधतोय असं समजा.

सगळ्यात आधी या भेटीबद्दल बोलतो. पडदा दूर झाला आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच आरसा समोर उभा. कड काय सुंदर घासली आहे. बोट फिरवलं, कुठे अडलं नाही. कुणी घासली ते मला बघताक्षणी कळलं, त्यावर नंतर येतो. पण मंडळी, एक विचारू का? रेल्वेनं दुसऱ्या राज्यात निघालेल्या म्हाताऱ्याला पुरुषभर उंचीचा आरसा भेट देणारी माणसं या जगात आमच्याशिवाय दुसरी असतील का? दुसऱ्यांनी बॅग दिली असती, थर्मास दिला असता. माझं निम्मं आयुष्य गिऱ्हाइकांना सांगण्यात गेलं की काच प्रवासात नेऊ नका, नव्या घरी गेल्यावर तिथलीच घ्या. हसताय ना? हसा. तुमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, म्हणून मला तुमचा इतका लळा आहे.

आता पाहुण्यांनी जे सांगितलं त्याकडे वळतो. साहेब म्हणाले की, या वयात परमुलखात जाऊन नवं काम हाती घ्यायचा निर्णय घेणं हे धाडसाचं काम आहे. साहेब, तुमचा शब्द मोडायचा नाही. पण तो निर्णय मी अजून घेतलेलाच नाही.

मालक, दचकू नका. पाणी घ्या हवं तर. सांगतो सगळं.

गोष्ट अशी आहे. आमचे लेक-जावई त्या राज्यात असतात, हे तुम्हाला माहीत आहे. जावयांच्या ओळखीत एकानं मोठं काचेचं दुकान काढलंय. त्यांना काच कापायला शिकवणारा माणूस हवाय. दिवसातून थोडाच वेळ, बसून शिकवायचं, उचलाउचल नाही. लेकीच्या घरात आमच्यासाठी खोली, इमारतीला लिफ्ट, खाली झाडं, बाकडी. हवा कोरडी. आणि ही हवा महत्त्वाची, कारण आमच्या हिच्या छातीचं तुम्हाला माहीतच आहे. इथल्या दमट हवेत ती आमचा जिना चढते तेव्हा मधल्या वळणावर थांबून भिंतीचा रंग बघत बसते. रंग बघत नसते. मी मागे पिशव्या घेऊन उभा असतो आणि मीही रंग बघतो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "गोळ्या मी देतो, पण हवा मला देता येत नाही."

लेकीनं फोनवर खोली दाखवली. मोठी खिडकी. मी म्हणालो, "पुट्टी नीट भरलेली नाही, खालच्या कोपऱ्यात फट आहे." ही म्हणाली, "अहो, कधीतरी काचेतून पलीकडे पण बघा की."

पलीकडे झाडं होती. छान होती.

मग मी विचार करायला लागलो. आणि विचार करताना माझ्या हातून एक गोष्ट घडली. आमच्याकडची रीत पाहुण्यांना माहीत नसेल. काच कापायची आमची हिरकणी, ते टोकाला हिऱ्याचा कण बसवलेलं हत्यार, प्रत्येकाची आपापली असते. एकाच्या हाताच्या कलानं ती झिजते, मग दुसऱ्याच्या हातात चालत नाही. कामाच्या टेबलावर ज्याच्या त्याच्या पेल्यात, रॉकेलमध्ये, ती कायम उभी असते. ती बाहेर काढून, कोरडी पुसून खिशात टाकायची ती एकाच दिवशी. काम कायमचं सोडलं त्या दिवशी.

मी एका दुपारी ती पुसली आणि खिशात टाकली. का, तर कसं वाटतं ते बघावं म्हणून. फाटकापर्यंत गेलो. वाईट वाटलं. परत आलो. एवढंच.

पण तेवढ्यात पॅकिंगच्या ताईंना माझा रिकामा पेला दिसला. मी परत येतो तर ताई डोळ्यांना पदर लावून उभ्या, मशीन बंद, आणि मालक केबिनमधून बाहेर येऊन म्हणतायत, "काका, आधी मला तरी सांगायचं होतंत." आणि त्यांनी मला मिठी मारली. आता मालकानं मिठी मारल्यावर त्यांच्या कानात "नाही हो, मी फक्त बघत होतो" असं कसं सांगायचं? तुम्हीच सांगा.

बरं, तिथे नाही सांगितलं, हिरकणी गुपचूप पेल्यात परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. पण ताईंची आणि हिची भेट बाजारात झाली, माझ्या आधी. मी घरी आलो तर ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. जिना चढून आल्यावर गुणगुणणं मी विसरलोच होतो. ताट वाढताना मला म्हणाली, "मला वाटलं होतं, तुमच्यानं व्हायचं नाही." मी मान खाली घालून जेवलो. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. ते दोन घास तिच्या ताटातून परत कसे काढायचे, हे मला आठवडाभर सुचलं नाही. मग हॉल ठरला, खुर्च्या ठरल्या, आरसा झाला.

तिला फसवलंय असं मात्र समजू नका. आज निघताना सदऱ्याचं बटण लावताना तीच म्हणाली, "तिथे खरं बोला. नाहीतर घरी येऊन मलाच ऐकवत बसाल." मी विचारलं, "तुला कधी कळलं?" तर म्हणे, "हिरकणी पुन्हा पेल्यात आहे, हे ताईंनीच सांगितलं." आणि बटण लावून झाल्यावर म्हणाली, "भाऊजींना विचारलंत का?"

आता भाऊजी, म्हणजे आमचे दादा.

दादा आत्ता टाळ्या वाजवतोय, कारण शेजारच्यांनी वाजवल्या. त्याला यातलं अक्षर ऐकू आलेलं नाही. कड घासायच्या मशीनवर उभं आयुष्य गेलं, त्या मशीननं कान नेले. तसं थोडं कमी-जास्त ऐकू येतं, पण सोयीचं नसलं की अजिबात येत नाही. या आरशाची कड त्याचीच. विचारायची गरज नाही.

मोठी काच दोघांनी उचलायची असते. एक पुढे तोंड करून चालतो, दुसरा उलटा. आमच्या जोडीत उलटा मी. मागचं काही दिसत नाही. मशीनच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता, म्हणून दादानं सुरुवातीपासूनच बोटाची भाषा लावून दिली. काचेवर बोट एकदा वाजलं की थांब. दोनदा वाजलं की पायरी. आणि काच जागेवर टेकली, कडा बसल्या, की तळवा सपाट थोपटायचा. म्हणजे सोड. आवाज कानापर्यंत यावा लागत नाही, काचेतून थेट हातात येतो. त्याचे कान गेले तरी आमचं काही अडलं नाही. आमच्या कारखान्यात एकच नियम आहे, मालकांच्या वडिलांपासूनचा. ज्याला वाट दिसते तो सोड म्हणतो. त्याच्याआधी दुसऱ्यानं हात काढायचा नाही. हात भरून आले, घाम डोळ्यात गेला, तरी नाही.

मला आयुष्यात वाट कधी दिसलेली नाही, मंडळी. दादाचं बोट वाजलं तसा चाललो. लग्नसुद्धा त्यानं बघितलं म्हणून केलं, आणि ते बरं निघालं, पहिल्या रांगेत बसलंय.

दादाला म्हटलं, तूही चल. तर म्हणाला, "या वयात नवे उंबरठे पाठ करू होय?" वहिनी गेल्यापासून तो दुपारचा डबा आमच्याकडचाच खातो. तो कोण देईल, हा प्रश्न आम्ही दोघांनीही काढलेला नाही. एक दिवस काचेवर मापं लिहायच्या खडूनं मी समोरच्या तावदानावर लिहिलं, "जाऊ का?" त्यानं चष्मा वर करून वाचलं. मग फडकं घेतलं, अगदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती काच पुसली आणि म्हणाला, "गिऱ्हाइकाची काच आहे."

हे हो झालं की नाही झालं? तुमच्यातल्या शिकल्या-सवरल्या कुणाला कळलं तर नंतर मला बाजूला घेऊन सांगा. मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्याला जोडीदार म्हणून मालकांनी आमच्या टेम्पो ड्रायव्हरला नेमलंय, ज्याला आपण सगळे प्रेमानं उंट म्हणतो. मालकांचं यात काही चुकलं नाही, माणूस ताकदीचा आहे, मनानं सोनं आहे. पण उंची ही अशी. परवा दोघांनी कारखान्यातून काच बाहेर काढली. बाहेर आल्यावर दादा मला म्हणाला, "घाट चढल्यासारखं वाटतं रे." मी विचारलं, "सवय होईल ना?" त्यानं ऐकलं नाही. म्हणजे, ऐकलं.

तर अशी माझी गत आहे. तिकडे गेलो नाही, तर ही जिन्याच्या वळणावर भिंत बघत राहणार आणि मी तिच्यामागे उभा राहून विचार करणार की आणखी किती दिवस. गेलो, तर इथे दादाच्या काचेच्या दुसऱ्या टोकाला कोणी असेल, पण दादानं बोट वाजवलं तर ते त्याच्या हाताला कळेल का? दोन्हीकडची माणसं माझीच. एकानंही हट्ट धरलेला नाही. एकीनं म्हणावं मला घेऊन चला, दुसऱ्यानं म्हणावं जाऊ नकोस, म्हणजे भांडता तरी आलं असतं. दोघंही म्हणतात, तू ठरव. मी ठरवायला बसतो आणि उठतो तेव्हा चहा गार झालेला असतो. तुम्ही म्हणाल, समजूतदार माणूस मन घट्ट करतो. करून बघितलं. फाटकापर्यंत टिकतं.

असो. पुढचा कागद सापडत नाही, तेव्हा आवरतं घेतो.

मालक, तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी आम्हा दोघा भावांना कधी नोकर म्हणून हाक मारली नाहीत, ते विसरणार नाही. पाहुणे साहेब, वेळात वेळ काढून आलात आणि माझ्यात नसलेलं धाडस माझ्या नावावर जमा करून गेलात, आभारी आहे. ताई, तुमच्यावर मुळीच राग नाही. रिकामा पेला बघून रडणारं माणूस कामाच्या जागी मिळणं हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. सर्वांनी आपापल्या घरचं काम टाकून इथे खुर्च्या मांडल्यात, म्हणून ऋणी आहे. निरोपाच्या सभेत ज्याला निरोप द्यायचा तोच जागेवरून हलेना, हा माझ्याकडून झालेला अपराध पोटात घाला. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर उंटासकट सगळ्यांनी मोठ्या मनानं सोडून द्या.

एक शेवटचं काम आहे. हा आरसा आता खाली न्यायचा आहे. उंट मघापासून खुणेनं विचारतोय, काका, टेम्पो घरी नेऊ की स्टेशनला पार्सलच्या खिडकीवर? बाबा रे, मला माहीत नाही. तू टेम्पोचं मागचं दार तेवढं उघडून ठेव. आरशाला हात लावू नकोस, तो आम्ही आणतो.

अगं, दादाला जरा खांद्याला हात लावून वर पाठव. हां. ये दादा. कड तुझीच आहे, तू समोरून धर, मी उलटा होतो. या व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत, तो वाजवेल. टेम्पोत आरसा टेकल्यावर तो तळवा थोपटतो का, ते बघू. थोपटला, तर हात काढीन. नाही थोपटला, तर तुम्ही सगळे जेवून घ्या, आमची वाट बघू नका.

दाराशी जी मंडळी उभी आहेत त्यांनी जरा बाजूला व्हावं. मला मागचं दिसत नाही.