हॉलिस कॉबची होडी

हॅलो?… हॅलो?… कोण, कॉर्ली? अगं थांब, थांब, शिडीवर आहे मी. एका हातात शिडी, एका हातात फोन. पडले ना, तर माझा विम्याचा क्लेम तुलाच लिहावा लागेल, आणि तुझ्याकडे अजून लायसन्स नाही.

…हं. आले खाली. बोल.

पनामा सिटीत आहे. मिसेस अडायर म्हणून आहेत, विमा कंपनीसाठी त्यांच्या घराचं नुकसान मोजायला आलेय. वादळात छप्पर उडालं म्हणतात. उडालं कसलं, वीस वर्षं गंजत होतं, वारा नुसता निमित्त झाला… ते जाऊ दे. तुझं काय?

काय परत आलं?… ठसे? पुन्हा?

नाही गं, हसत नाहीये… बरं, हसतेय. थोडीशीच.

म्हणजे मशीनला तुझी बोटं दिसतच नाहीत?… अगं, तेवीस वर्षं कालवं फोडलीस तू. सुरी आणि शिंपला यांच्यात बोटांवरच्या रेषा टिकणार कशा? गुळगुळीत झाल्या. अशी बोटं मिळावीत म्हणून चोर नवस बोलत असतील, आणि मिळाली कुणाला, तर लायसन्ससाठी ठसे देणाऱ्या बाईला!

चिडू नकोस. ऐक ना… हो, हो, उपाय आहे. दोन आठवडे रोज हाताला व्हॅसलीन चोळायचं आणि हातमोजे घालून झोपायचं… डेल हसेल तर हसू दे. नवऱ्यांना तेवढंच काम. आणि भांड्यांना अजिबात हात लावायचा नाही. डेलला घासू दे. राज्य सरकारचा आदेश आहे म्हणावं… सांग तर खरं, वायनेल म्हणाली म्हणून सांग.

आणि परीक्षा? पास झालीस ना?… मग!… तिसऱ्यांदा असली तरी पास ती पासच. लायसन्सवर ‘तिसऱ्या खेपेला’ असं छापून येत नाही.

मी? पहिल्याच खेपेला… आता तू विचारलंस म्हणून सांगितलं बाई.

नाही, खरंच सांगते, तू चांगलं काम करशील. खाडीत कालवं काढायला बंदी आल्यापासून त्या दुकानात डबे रचत बसलीयेस, तो तुझा उद्योग नव्हे. मागच्या वर्षी आठवतं, मम्मीच्या घरी तू नुसता वास घेतलास आणि म्हणालीस, या भिंतीत पाणी मुरलंय? मला मशीन लावून कळलं ते. लोकांच्या पडक्या घरात उभं राहून खरं नुकसान किती, हे सांगणारं माणूस हवं असतं गं…

मग अडलंय कुठे?… ठसे सोडून आणखी काय?

अर्जाचं कुठलं पान?… हं… वाच बरं.

‘आपल्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का, किंवा आपण गुन्हा कबूल केला आहे का.’

…

आहे गं. ऐकतेय. रेंज आहे.

नाही. ‘नाही’ लिहायचं नाही… कॉर्ली, ऐक… सत्तावीस वर्षं झाली म्हणून काय झालं? माणसं मरतात, कागद मरत नाहीत. ठसे एकदा लागले की पहिला तोच कागद वर येईल. जुना गुन्हा असला तर ते चौकशी करतात, चार प्रश्न विचारतात, पुष्कळदा लायसन्स देतातही. पण लपवलंस तर दार कायमचं बंद… अगं, आमच्या कामातल्या वेन्डलने लपवलं होतं. आता मासळीची गाडी चालवतो. तीही वाकडीतिकडी.

‘हो’ लिही. खाली जागा दिलेली असते, तिथे जे झालं ते लिहायचं.

लिहिलंयस? अरे वा. वाच मग.

‘चार जुलै एकोणीसशे सत्त्याण्णव रोजी मी आमचे शेजारी हॉलिस कॉब यांची होडी न विचारता घेतली आणि पुलाच्या खांबावर…’

थांब… थांब जरा. यातली ‘मी’ कोण?

कॉर्ली, ‘मी’ कोण?

तू पुढे बसली होतीस. मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं घेऊन. बेटावर सगळे सुट्टीच्या जेवणाला आपल्यासाठी थांबले होते, पुलावर गाड्यांची ही रांग, आणि मीच म्हणाले, हॉलिसची होडी रिकामी आहे, चल. इंजिनावर मी होते. तू दोनदा म्हणालीस, हळू चालव… तीनदा? बरं, तीनदा.

हसू नकोस गं… हो, पातेलं वाचलं. होडी गेली तळाला, आणि तू छातीएवढ्या पाण्यात, पातेलं डोक्यावर. बायबलमधलं चित्रच. मम्मीने पहिल्यांदा विचारलं काय, तर सॅलडमध्ये पाणी गेलं का…

हो… हो, माहितीये मला तू का बोललीस ते. शेरीफचा माणूस दारात, मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, मी नेली होडी. एकोणीस वर्षांची होतीस गं. पुढच्या महिन्यात माझी लायसन्सची परीक्षा होती. मागच्या अंगणात नेऊन मला काय म्हणालीस, आठवतंय?… मला आठवतंय. ‘तुझं काहीतरी होऊ दे, मला नाहीतरी कालवंच फोडायचीत.’

आणि मी होऊ दिलं.

…नाही, बोलू दे मला. शिक्षा म्हणून सहा महिने दर शनिवारी केशरी जाकीट घालून तू हमरस्त्यावरचा कचरा उचललास. मी गाडीतून जाताना हॉर्न वाजवायचे… तुला काय वाटायचं?… चिडवतच होते. दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं मला.

हॉलिस गेला तेव्हा केळ्याचं पुडिंग घेऊन त्याच्या बायकोकडे गेले. वाटलं, आता सांगू. पुडिंग ठेवलं आणि परत आले.

आणि हे लायसन्स टिकवायला काय करावं लागतं, माहितीये ना? दर दोन वर्षांनी चोवीस तासांचे धडे. त्यात पाच तास कायदा आणि नीती. खरं बोलावं, काही लपवू नये, दुसऱ्याचं नुकसान आपलं समजावं. तेरा वेळा बसलेय मी त्या धड्याला, कॉर्ली. तेराही वेळा पैकीच्या पैकी मार्क… हस, हस. मलाही हसूच येतं.

खोड ते ‘मी’… माझं लायसन्स जाईल? जाईलही. चौकशी तर नक्की होईल… चौपन्न वर्षांची आहे मी, माझे गुडघे आत्ताच शिडीला शिव्या देतात… अगं, पण तुला काय करायचंय माझ्या पोटापाण्याचं? तेव्हाही तेच केलंस!

फोन ठेवशील? ठेव. दीड तासाचा रस्ता आहे, मी तिकडे येईन आणि डेलसमोर सगळं सांगेन…

त्याला खरं माहीत नाही? बावीस वर्षं संसार केलास आणि… काय? अभिमान? बायकोने होडी पळवली याचा?… मित्रांना सांगतो? अरे देवा. आता त्या बिचाऱ्याचंही नुकसान मोजायला हवं.

…रड. रडून घे. मी आहे इथेच.

…

झालं? नाक पूस. कीबोर्डवर नको.

हं, लिही. ‘होडी माझी मोठी बहीण वायनेल पिटमन चालवत होती.’… लिहिलंस?… पिटमनमध्ये टी दोनदा, मला माहेरचं नाव शिकवू नकोस. पुढे. ‘मी तिच्याबरोबर होते. ती चालवत होती हे मी शेरीफच्या माणसापासून लपवलं.’… हो, तेही लिहायचं. तुझं खोटं तुझ्या नावावर, माझं माझ्या.

आता कंसात माझा लायसन्स नंबर टाक… लागतो कशाला म्हणजे? त्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून. डब्ल्यू… शून्य… सात… सात… दोन… नाही, सात दोनदा… एक… शेवटी चार.

परत वाचून दाखव… हं… हं… बरोबर.

चारच. इतकी वर्षं प्रत्येक अहवालाखाली लिहितेय, चुकेन कशी?

…नाही, विचार करून झालाय माझा. पाठव.

…

गेलं?

बरं. ठेवते मग. मलाही एक पत्र लिहायचंय त्या लायसन्सवाल्यांना, आणि मला मजकूर सांगायला कुणी नाहीये.