हँडब्रेकची परीक्षा

वैताग काय असतो ते मला विचारा. पप्पांच्या केटरिंगच्या जुन्या पिकअपचा हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून मी ती काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकचाचांनी केबल आवळली, गाडी चढावर उभी करायला लावली आणि मागची चाकं बघायला स्वतः गाडीमागे जाऊन बसले.

"हँडब्रेक खींचो बेटा, पैर हटाओ."

गाडी हलली नाही. "एकदम टाइट," चाचा म्हणाले.

मी परत निघाले, तर पहिल्याच सिग्नलला गाडी मागे सरकली. पुन्हा गॅरेज, पुन्हा तीच परीक्षा, पुन्हा पास. तिसऱ्या वेळी चाचा वैतागून खिडकीशी आले.

"ब्रेकलाइट क्यों जल रही है? पैर हटाने को बोला था ना?"

"चाचा, आप पीछे बैठे थे. कैसे हटाती?"