माळावरचा अबोला

(१९३४ सालचा वैशाख. नाशिकबाहेरच्या माळावर लहानसं विमान उभं आहे. पंख्यापाशी निसार मिस्त्री, वर बैठकीत वैमानिक खांबेटे, आणि चाकापुढे मजूर नाथा. चाकाला लावायच्या लाकडी पाचरी मांडीवर घेऊन तो खाली बसला आहे.)

खांबेटे : नाथा, किती वेळा सांगू? मिस्त्रींना म्हणावं स्विच बंद आहे, इंजिनात पेट्रोल ओढायला पंखा फिरवा.

नाथा : नाय सांगत.

खांबेटे : काय?

नाथा : सांगनार नाय म्हनलं. समोर तर उभे हायेत. तुमीच सांगा.

खांबेटे : अबोला त्यांनी धरलाय, मी नाही.

निसार : नाथा, साहेब काय म्हणतात? बंद हाय का चालू?

नाथा : इचारा त्यांलाच.

निसार : अरे, चांदवडचं गिऱ्हाईक लिंबाखाली ताटकळलंय. त्या शेठाणीनं सकाळपासून कानात कापूस घातलाय.

नाथा : घालू द्या. दोनी पाचरी माझ्याकडं हायेत अन् मी चाकाम्होरं. चालवा इमान माझ्या अंगावरून.

खांबेटे : ऊठ रे. वेडेपणा करू नको.

नाथा : वेडा मी व्हय? ह्यो फेटा बघा साहेब. शेव कुठं गेला याचा? काल तुमी वरून म्हनला, थांबा, स्विच चालूच ऱ्हायलाय. मी खाली पाचर ठोकत हुतो. उठून निरोप सांगायच्या आत ह्यांनी पंखा वढला. इंजिन पेटलं, इमान उडी मारून म्होरं आलं. जरा मान वर केली आसती तर शेवाबरूबर मुंडकंबी गेलं आसतं.

खांबेटे : रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

नाथा : माझ्याबी नाय. बायको म्हनली, रुसलीत ती दोघं मोठी मानसं, आन मरनार तू.

खांबेटे : मी रुसलेलो नाही, नाथा. मागं विंचूर गावावर इंजिन बंद पडलं, शेतात उतरावं लागलं. विमानाचे मालक शेटजी, त्यांच्यासमोर मी दोष मिस्त्रींवर ढकलून मोकळा झालो. मागाहून ध्यानात आलं, पेट्रोलची चावी दुसऱ्या टाकीवर फिरवायची मीच विसरलो होतो. शेटजींना तसं सांगितलं. आणि शेडमध्ये जाऊन मिस्त्रींची माफी मागितली. तीनदा. ते आपले प्लग पुसत राहिले. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. माणसानं नाक तरी किती वेळा घासायचं?

नाथा : कोन्या बाजूनं मागितली?

खांबेटे : बाजू कसली? मागून. पाठ होती त्यांची.

नाथा : हं.

खांबेटे : हं काय?

नाथा : निसारभाई, सांगू का मी?

निसार : काय पुटपुटतोस तिकडं तोंड करून? माझ्याकडं बघून बोल ना.

नाथा : घ्या. हेच सांगत हुतो साहेब.

खांबेटे : म्हणजे... थांब. मी खाली येतो. मिस्त्री, इकडे बघा. माझ्याकडे. कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?

निसार : नाथा! तू बोललास?

नाथा : नाय बोललो. तेच चुकलं माझं.

निसार : उजवा कान थंडीतच गेला, साहेब. डावा थोडा हाय. तोंड समोर असलं तर भागतं. सारी उमर इंजिनाला कान लावून ऐकलं, राहणार कुठून?

खांबेटे : आणि अबोला?

निसार : मी कशाला धरू अबोला? तुम्हीच बोलायचं सोडलं. मी म्हटलं, साहेबांचा राग जात नाय. मग म्हटलं, बरंच झालं. नाथा पुढ्यात येऊन सांगतो, मला सगळं कळतं. खुदा कसम, सोयीचं पडलं. शेटला पत्ता लागला असता तर दुसऱ्या दिवशी हातात नारळ. घरी बायकोला, गुलजारबीला पण सांगितलं नाय. ती बोलत राहते, मी मान हलवतो.

खांबेटे : मिस्त्री, काल हा गेला असता. तुमचा हातसुद्धा.

निसार : मला काय दिसत नाय ते? डोळे मिटले की ह्याचा फेटाच येतो पुढं. थकलो साहेब. इंजिनं उपसून नाय थकलो कधी. ऐकू येतंय असं दाखवून दाखवून थकलो.

खांबेटे : शेटजींना सांगावं लागेल.

निसार : हां.

खांबेटे : मी येतो बरोबर. इंजिन मिस्त्रींच्याच हाती राहू द्या, पंखा ओढायला दुसरा माणूस ठेवा, असं म्हणेन. ऐकतील की नाही, देव जाणे.

निसार : नाय ऐकलं तर?

खांबेटे : तर काय सांगू? पण नाथाला पंख्यापुढे बसवून मी गप्प राहणार नाही.

निसार : नका राहू. आजचं काय?

खांबेटे : आज तोंडानं काही नाही. माझा हात असा उघडा वर, म्हणजे स्विच बंद. मूठ, म्हणजे चालू. हात दिसल्याशिवाय पंख्याला बोट लावायचं नाही.

निसार : उघडा, बंद. मूठ, चालू.

खांबेटे : नाथा, लाव पाचरी.

नाथा : लावतो. आन मी बाजूला झालेलो दोघांनी बघितल्याबिगर हात करायचा नाय.

खांबेटे : कबूल.

निसार : साहेब, जरा थांबा. काय म्हणत होते तुम्ही ह्याला मघाशी? ओठांवरून ‘शेड’ एवढंच कळलं.

खांबेटे : माफी मागितली होती तुमची. तीनदा. तुमच्या पाठीला.

निसार : माझ्यापर्यंत एकपण आली नाय.

खांबेटे : कळलं ते आत्ता.

निसार : मग एकदा समोरून मागा.

खांबेटे : चूक माझी होती, मिस्त्री. इंजिन तुमचं चांगलं होतं.

निसार : हां. पोचली. चढा आता वर, शेठाणी कापूस घालून बसलीय.