डब्यावरचं नाव

लुधियान्यातल्या त्या दुकानात लग्नाचे लाल चुडे घ्यायला झुंबड उडाली होती. सुरिंदर कौर सुनेचं माप देऊन बाकावर टेकली, आणि शेजारी बसलेल्या मायलेकींकडे तिचे कान लागले.

"चुडा मामानं आणायचा असतो ना, मम्मी? मग आपण कशाला आलोय इथं?"

"गहू कापणीला आलाय त्याचा. सवड नाही."

"त्या शेतात तुझाही वाटा होता."

"होता. दिला लिहून."

"का दिलास?"

"वाटा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, बाई. म्हटलं, जमीन गेली तर गेली, पोरीला चुडा भरायला मामा तरी येईल."

"मग? येतोय?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"येतोय का, एवढंच सांग."

"हे बघ, चुडा भरताना तुझे डोळे ओढणीनं झाकलेलेच असणार. गल्लीतले जोगिंदर चाचा भरतील. तू मुळीच बघू नकोस, म्हणजे झालं."

"मी नाही बघणार. पण अंगणात बसलेल्या बायकांचे डोळे कोण झाकणार?"

आई काही बोलणार, तेवढ्यात दुकानदारानं हाक मारली, "बहेनजी, तुमचा चुडा तयार आहे. डब्यावर मामांचं नाव घालू ना?"

"घाला की. सरदार निर्मलसिंग. चांगलं ठळक घाला."

"या भाईसाहेबांना कशाला त्रास, मम्मी? तूच दे लिहून. सवय आहे तुला."