मर्विनला हवा असलेला पिचर

ओमाहातल्या एका गॅरेजमध्ये टायर बदलून मिळेपर्यंत मी बाकावर बसलो होतो. शेजारी दोन मित्र मोबाइलवरच्या आपल्या फँटसी बेसबॉल लीगवरून, म्हणजे खरे खेळाडू निवडून आणि एकमेकांत अदलाबदल करून कागदी संघ चालवायच्या खेळावरून, वाद घालत होते.

"डेल, तुझ्या संघातल्या त्या पिचरला, होल्कमला सोडू नकोस. डेन्व्हरच्या विरळ हवेत त्याने टाकलेला चेंडू जो तो मैदानाबाहेर भिरकावायचा. आता तो सॅन डिएगोच्या संघात गेलाय. समुद्राकाठची जड हवा, सोनं होणार त्याचं!"

"म्हणूनच त्याला मागणी आलीय."

"कुणाची?"

"मर्विनची, रॉस्को."

"काहीतरी बरळू नकोस. फेब्रुवारीत आपणच खांदा दिला ना त्याला?"

"हे बघ. त्याच्याच नावाने, आज सकाळी."

"त्याची बायको खेळत असेल."

"लोरीनला विचारलं मी. त्याचा फोन तिने त्याच्याबरोबर शवपेटीतच ठेवला होता."

"मग... नाही म्हणून टाक."

"म्हटलं रे, दोनदा म्हटलं. थांब, पुन्हा मेसेज आला."

"काय लिहिलंय?"

"'डेल, होल्कम मला दे. आणि जरा हळू बोला, शेजारचा माणूस ऐकतोय.'"

दोघांनी एकदमच माझ्याकडे वळून पाहिलं.