हंड्यावरचं नाव

एकोणीसशे सत्तर साल ते, मी सोळा वर्षांचा. शाळा तिसरीत सुटली, पण अक्षर वळणदार, म्हणून धारवाडात सुभाष रोडला भांड्याच्या दुकानात मला नावं घालायला ठेवलं. लग्नाची भांडी घेतली की हंड्यावर, ताटावर लेकीचं नाव घालायचं, मराठीत सांगा नाहीतर कन्नडात. माझ्यासारखं नाव अख्ख्या धारवाडात कुणी घालत नव्हतं, हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे.

तर एक दिवस एक हंडा मोडीला आला. नाव बघितलं तर हात माझाच. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हंडा घेऊन आलेल्या तिच्या बापाला विचारलं, अण्णा, लेक कुठाय? तो म्हणाला, वजन करा. बस, एवढंच. तोवर मी डफावर देवाची पदं म्हणायचो, त्या दिवशी ह्या हंड्याचं गाणं बांधलं. पहिली तीन कडवी हळदीच्या गाण्यासारखी, नाव घाला हो हंड्यावर आमच्या लेकीचं. चौथ्यात हंडा मोडीला येतो आणि लेक येत नाही. हुबळीच्या बाजारात म्हटलं, जत्रेत म्हटलं, लोक रडायचे. आणि हुंड्याच्या लग्नात मी कधी अक्षता टाकल्या नाहीत, सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही.

आता बायकांनी काय केलं, चौथं कडवं अशुभ म्हणून सोडलं आणि पहिली तीन हळदीला म्हणायला लागल्या, नवरीचं नाव घालून. आमच्या लोकांत आता त्याच्याशिवाय हळद लागत नाही. लोक म्हणतात, अप्पा, तुमचं गाणं राहिलं. राहिलं का? मला कळत नाही बघा, खरंच कळत नाही.

परवा नवनगरात माझ्या पुतण्याच्या लेकीची, रोहिणीची हळद होती. मुलाकडच्यांना मोटार दिलेली. पुतण्या म्हणतो, त्यांनी मागितली नाही, आपण हौसेनं दिली. मला गायला बसवलं आणि कानाशी येऊन कन्नडात म्हणतो, चौथं ब्याड, अप्पा, ब्याड. मला नको म्हणणारा हा, ह्याला खांद्यावर घेऊन मी जत्रा फिरलो. मी चौथंही म्हटलं. आणि काय सांगू तुम्हाला, बायका टाळ्या वाजवतच राहिल्या, चाल तीच ना. नवऱ्याची आई म्हणाली, हे नवीन घातलंत वाटतं, ह्या वयात आवाज काय गोड.

एकटी रोहिणी हळदीच्या तोंडानं माझ्याजवळ येऊन बसली. अप्पा, ती मुलगी कुठं गेली?

ठाऊक नाही ग, म्हटलं. तुला हे लग्न नको असेल तर सांग, आत्ता उठतो आणि मोडतो.

मुलगा मला आवडतो, म्हणाली, मोटार नको होती. तुम्ही उद्या अक्षता टाकाल ना?



सकाळी फेटा बांधून मांडवात उभा राहिलो, मुठीत अक्षता घेऊन. अंतरपाट निघाला तशी पोरगी नवऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली. मूठ उघडली. तांदूळ घामानं तळव्याला चिकटलेले, काही पडले, काही पडलेच नाहीत. टाकल्या म्हणायचं का नाही, तुम्हीच सांगा. सुखानं नांद बाई, एवढं मात्र मोठ्यानं म्हटलं.